माँते कासिनोची युद्धभूमी सहल : रोमहून एक दिवस काढाच

पैसे आणि वेळ दोन्ही वसूल झाले असं मी फार थोड्या सहलींबद्दल म्हणेन, त्यातली ही एक. रोमच्या दक्षिणेला कासिनो नावाचं गाव आहे आणि त्याच्या डोक्यावर माँते कासिनोचा मठ. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी ते मे १९४४ मध्ये, या डोंगरासाठी चार लढाया झाल्या. जर्मनांची गुस्ताव्ह रेषा, म्हणजे बचावाची फळी, इथून जात होती आणि रोमकडे जाणारा हमरस्ता या डोंगराच्या पायथ्याशी होता. तिथल्याच एक गाईडबाई दिवसभराची सहल घडवतात. माझ्या पुतणीने, ती रोमला शिकते, ही सहल आमच्यासाठी ठरवली. मी कोल्हापूरच्या शाळेत बरीच वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे गाईड लोकांची पाठ केलेली भाषणं मला लगेच ओळखू येतात. या बाईंचं बोलणं पाठ केलेलं नव्हतं.

इतर ठिकाणी युद्धभूमी दाखवतात ती बाणांनी. हा जनरल इकडून आला, तो तिकडून गेला, निळा बाण, लाल बाण. बाईंच्या पिशवीतही नकाशे होते, पण प्रत्येक थांब्यावर त्या आधी एकच प्रश्न घ्यायच्या : ही माणसं इथे आली कशी? त्यांच्या देशाने युद्धात उडी घेतली, की त्याला ओढलं गेलं? आणि लढून त्यांना काय मिळायचं होतं? दोस्त राष्ट्रं, दोस्त राष्ट्रं असं आपण पाठ्यपुस्तकात एका दमात म्हणतो. या एका दरीत ब्रिटिश, अमेरिकन, भारतीय, नेपाळी गुरखे, न्यूझीलंडचे गोरे आणि तिथले मूळचे माओरी, कॅनडावाले, पोलिश, फ्रेंच, मोरोक्को-अल्जीरिया-ट्युनिशियाचे शिपाई आणि शेवटी खुद्द इटालियन एकाच बाजूने लढले. यातल्या कुठल्याही दोघांचं येण्याचं कारण सारखं नव्हतं. ते समजलं की लढायांचा नकाशाही आपोआप समजतो.

सुरुवात त्यांनी गावापासून थोड्या अंतरावरच्या मिन्यानो माँते लुंगोपासून केली. इथे इटालियन सैनिकांची दफनभूमी आहे. मला वाटलं होतं की आधी मठ दाखवतील, पण हा क्रम योग्य निघाला. इटली १९४० पासून हिटलरच्या बाजूने लढत होती. ८ सप्टेंबर १९४३ ला दोस्तांशी शस्त्रसंधी जाहीर झाली, १३ ऑक्टोबरला तिथल्या सरकारने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं, आणि डिसेंबरात इटालियन तुकडी या टेकडीवर अमेरिकनांच्या बरोबरीने चढाई करत होती. पहिला हल्ला सपाटून फसला, दुसऱ्या खेपेला टेकडी हाती आली. तरीही इटलीला ‘मित्रराष्ट्र’ हा दर्जा दिला गेला नाही, ‘सहयुद्धमान’, म्हणजे नुसता सोबत लढणारा, एवढंच म्हटलं गेलं. बाई बोलत होत्या त्या स्वतःच्या देशाबद्दल, पण कुठे सारवासारव नव्हती की उगाच मान खाली घालणंही नव्हतं.

तिथून गाडी सांत आंजेलोकडे, गारी नदीच्या काठाला. एक सूचना आधीच देते : हा थांबा त्यांच्या नेहमीच्या मार्गात नाही. मागून घ्यावा लागतो आणि त्याचे थोडे जास्त पैसे पडतात. भारतीय माणसाने तो सोडू नये. नदी अगदी अरुंद आहे. आमचे हे म्हणाले, ‘पंचगंगेपुढे हा ओढाच की!’ पण काठ उभे, पाणी जोराचं आणि त्या हिवाळ्यात गोठवणारं. जानेवारीत अमेरिकेची ३६ वी डिव्हिजन, टेक्सासची पोरं, रात्री धुक्यात रबरी आणि लाकडी होड्या घेऊन इथून पलीकडे जायला निघाली. दोन दिवसांत मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे १,७०० माणसं गेली आणि हातात काहीच आलं नाही. युद्ध संपल्यावर या डिव्हिजनच्या जवानांनी अमेरिकी काँग्रेसकडे चौकशीची मागणी केली, इतका तो राग खोल होता.

मेमध्ये तीच नदी ओलांडायचं काम ८ व्या भारतीय डिव्हिजनकडे आलं. ११ मेच्या रात्री ११ वाजता दीड हजारांहून जास्त तोफा एकदम सुरू झाल्या. सकाळ झाली तेव्हा धूर आणि धुकं मिसळून हाताला हात दिसत नव्हता. कॅनडाच्या टँकवाल्यांनी एका टँकच्या पाठीवर अख्खा बेली पूल, म्हणजे सुटे लोखंडी भाग जोडून केलेला पूल, चढवला, तो टँक नदीत घातला आणि पूल पलीकडच्या काठाला टेकवला. भारतीय पायदळ, कॅनडाचे टँक आणि दोघांनी मिळून केलेली पुलाची करामत. आघाडी म्हणजे काय ते बाईंनी इथे काठावर उभं करून हातवाऱ्यांनी दाखवलं. १२ मेला याच भागात ८ व्या पंजाब रेजिमेंटचे शिपाई कमल राम यांनी एकट्याने मशिनगनची ठाणी उडवली. वय अवघं १९. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. याच डिव्हिजनमध्ये आपल्या ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. बाईंना रेजिमेंटचं नाव माहीत होतं, पण ती कुठल्या गावांतून भरती व्हायची हे माहीत नव्हतं. ते मी सांगितलं आणि त्यांनी वहीत टिपून घेतलं. ऐकणारा गाईड मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

त्यांनी विचारलं, मग तुमचा देश यात कसा आला? आम्ही काठावरच बसलो आणि मी सांगितलं. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं परस्पर जाहीर केलं. कुणा हिंदी पुढाऱ्याला विचारलं नाही. प्रांतांतली काँग्रेसची मंत्रिमंडळं त्यावरून राजीनामे देऊन बाहेर पडली. तरीही १९४५ पर्यंत हिंदी सैन्य २५ लाखांवर गेलं आणि त्यात सक्तीची भरती नव्हती. कुणी पगारासाठी गेलं, कुणी घराण्याची रीत म्हणून, कुणी फॅसिस्टांना हरवलंच पाहिजे असं मनापासून मानून. १९४३-४४ मध्ये सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इंग्रजांना धाब्यावर बसवत होतं आणि त्याच जिल्ह्यातली पोरं इटलीच्या चिखलात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली लढत होती. यातली एक बाजू खरी आणि दुसरी खोटी असं मी कधी वर्गातही शिकवलं नाही. दोन्हीकडची पोरं आपलीच. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या की हे त्या पुढच्या गटालाही सांगतील.

मठाकडे जाताना वळणावळणाचा रस्ता आहे. वाटेत खाली रेल्वे स्टेशन दिसतं. १७ फेब्रुवारीच्या रात्री २८ व्या माओरी बटालियनच्या दोन कंपन्या, सुमारे २०० जवान, त्यावर चालून गेले. पाण्याने भरलेल्या शेतातून रेल्वेचा बांध एवढीच वाट. स्टेशन घेतलं, पण उजाडेपर्यंत मागचा रस्ता टँक जातील इतका दुरुस्त झाला नाही आणि दुपारी जर्मन टँक आले. निम्म्याहून जास्त माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. न्यूझीलंडमध्ये माओरींना सक्तीची भरती लागू नव्हती, ही बटालियन पूर्ण स्वयंसेवकांची होती आणि तिच्या कंपन्या जमातवार होत्या. म्हणजे एका रात्रीत एकाच मुलखातली कितीतरी घरं उजाड झाली. आपल्याकडे साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारखी, जवळपास घरटी एक सैनिक देणारी गावं ज्यांना ठाऊक आहेत त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मठाबद्दल मात्र बाईंनी जेवढा वेळ दिला तेवढा मला कमी वाटला, कारण वाद इथलाच सर्वात मोठा. संत बेनेडिक्टने इ.स. ५२९ मध्ये स्थापलेला हा मठ १५ फेब्रुवारी १९४४ ला दोनशेहून अधिक विमानांनी बॉम्ब टाकून जमीनदोस्त केला. आत जर्मन सैनिक नव्हते, आसऱ्याला आलेले गावकरी होते. त्यांतले कित्येक मेले. बॉम्बफेकीची मागणी पुढे आली ती ४ थ्या भारतीय डिव्हिजनचे इंग्रज सेनापती टकर यांच्याकडून, न्यूझीलंडच्या फ्रायबर्ग यांच्यामार्फत. आणि डिव्हिजन हल्ल्याला तयार होण्याआधीच विमानं आली! काही बॉम्ब भारतीय तुकड्यांच्या जागेवरही पडले. त्या रात्री हल्ला झाला तो याच डिव्हिजनमधल्या रॉयल ससेक्स या ब्रिटिश रेजिमेंटच्या एका कंपनीचा, मठाच्या मागच्या ५९३ क्रमांकाच्या उंचवट्यावर. नंतर राजपुताना रायफल्स आणि गुरखे. पुढे जर्मनांनी ढिगाऱ्यात पक्की ठाणी केली आणि मठ आधीपेक्षा अवघड झाला. हवाई दल अमेरिकनांचं, मागणी न्यूझीलंडरची, पायदळ भारतीय आणि ब्रिटिश, वरचा निर्णय ब्रिटिश अलेक्झांडर यांचा. इतक्या हातांतून गेलेल्या हुकमात वेळेचा मेळ राहिला नाही, हे माझं मत. बाईंचंही बहुधा तेच होतं, पण बोलल्या बेतानं. आज मठ जसाच्या तसा पुन्हा उभा आहे. आत फार रेंगाळायला मिळालं नाही, तेवढी रुखरुख राहिली.

५९३ वर पायी चढावं लागतं. वाट दगडांची आहे, गुडघेदुखी असेल तर काठी घ्या. वर गेल्यावर कळतं की लढाई का लांबली. खडकात खंदक खणता येत नाही. भारतीय जवान दगड रचून त्याच्या आडोशाला दिवसचे दिवस पडून राहिले, जर्मन ठाणी हाकेच्या अंतरावर. पाणी, दारूगोळा, भाकरतुकडा सगळं रात्री खेचरांवरून. मार्चमध्ये ९ व्या गुरखा रायफल्सची एक बटालियन मठाच्या अगदी खाली हँगमन्स हिलवर पोहोचली आणि तिथे अडकली. विमानातून टाकलेल्या रसदीवर तग धरून राहिली, मग रात्री चोरपावलांनी तिला परत आणावं लागलं. कासिनोत ४ थ्या भारतीय डिव्हिजनची जवळपास ४,००० माणसं कामी आली किंवा जखमी झाली. तरी वर कुठे भारतीयांचं मोठं स्मारक नाही. ५९३ च्या माथ्यावर आहे तो पोलिश सैनिकांचा स्तंभ. मला याचं वाईट वाटलं आणि ते मी बाईंना बोलूनही दाखवलं.

पण पोलिश दफनभूमीत उतरल्यावर माझी तक्रार मागे पडली. कोल्हापूरकराला तर ही जागा परकी वाटतच नाही. १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलर आणि पूर्वेकडून रशिया चालून आले. पूर्वेकडच्या लाखो पोलिश माणसांना रशियाने सैबेरिया आणि कझाकस्तानात हाकललं. १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला तेव्हा स्टालिनला अचानक पोलिश सैनिक हवेसे झाले. करार झाला, पोलिश जनरल आंदर्स मॉस्कोच्या तुरुंगातून सुटले आणि छावण्यांतून हाडांचे सापळे झालेली माणसं त्यांच्या सैन्यात दाखल झाली. १९४२ मध्ये हे सैन्य इराणात आलं, तिथून इराक, पॅलेस्टाइन आणि मग इटली. त्यांच्यासोबत बाहेर पडलेल्या बायकामुलांपैकी सुमारे ५,००० जण आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिले, १९४३ पासून पुढची पाच-एक वर्षं. शाळा, चर्च, दवाखाना सगळं तिथे होतं. पुढे त्याच जागी सिंधी निर्वासित आले, आजचं गांधीनगर. माझी आजी त्या छावणीत दूध घालायला जाणाऱ्या एका गवळणीच्या शेजारी राहायची. पोलिश बायका दारात उभ्या राहून टपालाची वाट बघायच्या, एवढं ती नेहमी सांगायची. त्यातल्या कितीतरी जणींचे नवरे, भाऊ, मुलगे आंदर्सच्या सैन्यात होते. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या थबकल्या. पोलिश गट त्यांनी पुष्कळ आणलेत, पण वळिवड्याचं नाव पहिल्यांदाच ऐकलं म्हणाल्या.

पोलिश तुकड्यांचा १२ मेचा हल्ला परतवला गेला, १७ मेला पुन्हा चढले आणि १८ मेच्या सकाळी त्यांच्या गस्तीच्या तुकडीने ढिगाऱ्यावर निशाण लावलं. ९०० हून अधिक मेले. दफनभूमीत कॅथलिकांचे क्रूस, ऑर्थोडॉक्सांचे वेगळे क्रूस आणि ज्यूंचे दाऊदच्या ताऱ्याचे दगड एकाच आवारात आहेत. मध्ये खुद्द आंदर्स. ते १९७० मध्ये लंडनला वारले, पण इथे पुरायचं सांगून गेले होते. यातल्या बहुतेकांची गावं पूर्व पोलंडची, आणि ती गावं दोस्त राष्ट्रांच्या तेहरान आणि याल्टाच्या बैठकींत मित्रांनीच रशियाच्या पदरात टाकली. डोंगर जिंकला आणि परतायला घर उरलं नाही. १९४६ च्या लंडनच्या विजयसंचलनात हे सैन्य नव्हतं. बाईंनी हा भाग सांगितला तो खालच्या आवाजात, पाच-सात वाक्यांत, आणि मग आम्हाला एकटं सोडलं. फार चांगलं केलं.

दुपारच्या जेवणाला त्यांनी ठरवलेलं हॉटेल साधं होतं. पास्ता बरा, बाकी विशेष नाही. मांस न खाणाऱ्यांनी आधी सांगून ठेवावं.

जेवताना त्यांनी फ्रेंचांचा विषय काढला. खरं तर गुस्ताव्ह रेषा फोडली ती जनरल ज्युएँच्या सैन्याने. दक्षिणेकडच्या औरुंची डोंगरांतून कुणी येऊच शकत नाही असं जर्मन धरून चालले होते, तिथून मोरोक्कन पहाडी शिपाई खेचरांसह पार झाले. हे ज्युएँ नोव्हेंबर १९४२ पर्यंत व्हिशी सरकारच्या नोकरीत होते, म्हणजे हिटलरपुढे वाकलेल्या बाजूला. आणि त्यांचे शिपाई फ्रान्सच्या मुक्तीसाठी लढत होते, जेव्हा त्यांचे स्वतःचे देश फ्रान्सच्या ताब्यात होते. एवढं सांगून बाई थांबल्या आणि मग म्हणाल्या, आता जे सांगते ते माझ्या आजीच्या गावचं आहे. विजयानंतर त्या डोंगरी गावांत मोरोक्कन तुकड्यांतल्या शिपायांनी बायकांवर, मुलींवर सामूहिक बलात्कार केले. हा इतिहास इटलीत सर्वांना माहीत आहे, पण सहलींत तो वगळला जातो. सुटकेला आलेल्या सैन्याचीच दहशत वाटणं काय असतं हे त्यांनी कुणा जमातीला शिव्या न घालता सांगितलं. वसाहतीतल्या शिपायाला फ्रेंचांनी कसं वागवलं हेही सांगितलं आणि त्याने अपराध हलका होत नाही हेही. शाळेत शिकवताना मला इतकं नेमकं कधी जमलं असतं की नाही, शंका आहे. लहान मुलं सोबत असतील तर हा भाग टाळायला आधी सांगा, त्या टाळतात.

शेवटचा थांबा कॉमनवेल्थ दफनभूमी. ४,००० हून अधिक कबरी, मागे मठाचा डोंगर. भारतीय जवानांच्या काही दगडांवर देवनागरीत ‘ॐ भगवते नमः’ कोरलेलं आहे. हजारो मैलांवर ती अक्षरं दिसली आणि आम्ही तिघंही तिथेच उभे राहिलो. मधल्या पाण्याच्या कुंडाभोवती हिरव्या संगमरवराच्या उंच शिळा आहेत. ज्यांची कबर ठाऊक नाही अशा ४,००० हून जास्त जणांची नावं त्यांवर आहेत. बाईंनी पुतणीकडून आधीच मराठा रेजिमेंटबद्दल ऐकलं होतं, म्हणून त्या शिळा शोधून ठेवल्या होत्या. तिथे नाईक यशवंत घाडगे यांचं नाव आहे. माणगाव तालुक्यातले, आजच्या रायगड जिल्ह्यातले. १० जुलै १९४४ ला, कासिनोनंतर दोनच महिन्यांनी, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले सगळे पडले. एकटे उरलेले घाडगे मशिनगनवर धावून गेले, बॉम्बने ती उडवली, एकाला गोळी घातली आणि काडतुसं भरायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. मग नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे, तोंडाने त्यांचं नाव घेणारे आपल्याकडे आहेत. पण त्याच शिळांवर जाधव, शिंदे, पवार, मोरे अशी आडनावं असलेली बाकीची माणसं आहेत, त्यांच्यासाठी तिथे फूल घेऊन कुणी येत असेल असं वाटत नाही. ह्यांनी एकेक नाव मोठ्याने वाचलं. बाई घड्याळाकडे न बघता सोबत थांबल्या, ठरलेली वेळ टळून गेली तरी.

आता कामाचं. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून कासिनोला साधी गाडी साधारण दोन तासांत पोचवते आणि तिकीट स्वस्त आहे. सकाळची लवकरची गाडी धरा. सहलीचे दर महाग वाटतील, रोममधल्या बसच्या सहलींपेक्षा बरेच जास्त, पण तिघा-चौघांत वाटले की पेलतात. त्या इटालियन आणि इंग्रजी दोन्ही चांगलं बोलतात, सावकाश बोलतात. छापील नकाशा देतात त्यातली अक्षरं फार बारीक आहेत, चष्मेवाल्यांनी त्यावर विसंबू नये. जुने फोटो मात्र त्या प्रत्येक जागी नेमक्या कोनातून धरून दाखवतात, ते अप्रतिम. उन्हाळ्यात ५९३ वर सावली नाही, पाणी आणि टोपी हवीच.

आणि बुकिंग करताना आपल्या घरातलं, भावकीतलं किंवा गावातलं कुणी इटलीत लढलं असेल तर नाव आणि बटालियन कळवा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो, आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं दोन-तीन प्रकारे घालून बघा, कारण त्या काळच्या कारकुनांनी ती मनाला येईल तशी लिहिली आहेत. कबर किंवा शिळा फोर्लीला किंवा सांग्रो नदीकाठी असेल तर ती कासिनोच्या एका दिवसात होणार नाही, त्यासाठी वेगळी आखणी लागेल. आम्ही पुढच्या खेपेला तिबेर खोऱ्यातल्या माँतोनेला जाणार आहोत, तिथे २०२३ मध्ये घाडग्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलंय. तिकडचं कुणी चांगलं गाईड माहीत असेल तर जरूर सांगा.